आकाश पाहावयाचें, तर तळ कोठें द्यावा?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, म्हणजे परदेशीं राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरीं एक वाद हटकून उपस्थित होतो. कोणत्या रानांत जावयाचें हें एकदाचें ठरतें. पण तेथें उतरावें कोठें, यावर एकमत होईपर्यंत चहा दोनदां ऊन करावा लागतो. कोणास कढत पाण्याचें स्नान हवें, कोणास शेकोटी हवी, कोणास मोटार अगदीं तंबूच्या दाराशीं हवी. आणि ज्या गोष्टीसाठीं एवढा प्रवास करावयाचा, तिचा या वादांत कोणी उच्चारहि करीत नाहीं. आमच्या घरीं ही निवड एकदां साफ फसली व पुढच्या वर्षीं साधली. ती हकीकत थोडी विस्तारानें सांगितली, तर वाचक-भगिनींस उपयोगी पडेल असें वाटतें.

आमचें बिऱ्हाड अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत. घरांत आम्ही उभयतां, दोन मुलें, धाकटे दीर व जाऊबाई, आणि यजमानांच्या आत्याबाई. आत्याबाईंचें वय ऐंशीच्या घरांत. त्यांचें बाळपण गुहागरकडील एका वाडींत गेलें. तेथें रात्रीं खळ्यांत चटई टाकून त्या आपल्या वडिलांपाशीं नक्षत्रें ओळखावयास शिकल्या. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यांत त्या परसांत उभ्या राहिल्या, बराच वेळ वर पाहिलें, आणि म्हणाल्या, “सूनबाई, तुमच्या ह्या देशांत सारें आहे, आभाळ तेवढें कोणीं पुसून टाकलें?” मला उत्तर सुचलें नाहीं. आमच्या परसांतून मोठ्या कष्टानें पंधरा-वीस तारे मोजतां येतात.

तेव्हांपासून यजमानांनीं चेरी स्प्रिंग्ज हें नांव मनांत धरलें होतें. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तर अंगास, पॉटर परगण्यांत हें राज्य-उद्यान आहे. उद्यान म्हटलें, तरी तें ८२ एकरांचें माळरानच! परंतु तें सुमारें २,३०० फूट उंचीच्या डोंगरमाथ्यावर वसलें असून त्याच्या सभोंवतीं ससक्वेहॅनॉक नांवाचें सुमारें २,६२,००० एकरांचें सरकारी अरण्य पसरलें आहे. गांवें आहेत तीं दूर व खालीं दऱ्यांत. त्यांचा उजेड डोंगरांच्या आड राहतो. या अंधारामुळेंच २००८ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय ‘अंधार-आकाश उद्यान’ अशी मान्यता मिळाली. असा मान मिळालेलें जगांतील तें दुसरें उद्यान. पहिलें युटा राज्यांतलें, २००७ सालचें. (आपल्या महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्र-प्रकल्पास हाच मान २०२४ च्या जानेवारींत मिळाला, व भारतांत तो पहिलाच, हेंहि येथें अभिमानानें नमूद करतें.) गंमत अशी, कीं आज अंधाराची राखण करणारें हें अरण्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें कांहीं वर्षांत जवळजवळ भुईसपाट झालें होतें. पाइन वृक्ष लांकडासाठीं तोडले, आणि हेमलॉक सालीसाठीं. ती साल कातडीं कमावण्यास लागे. आतां दिसतें तें रान त्यानंतर वाढलेलें.

न्यू जर्सीहून हें अंतर मोटारीनें पांच तासांच्या आसपास. २०२३ सालीं चार जुलैच्या सुटींत आम्ही निघालों. उतरण्याची जागा निवडली ती मीच, हें कबूल करावयास हवें. चेरी स्प्रिंग्जच्या दक्षिणेस ओल बुल नांवाचें दुसरें राज्य-उद्यान आहे. तेथें ऊन पाण्याचीं स्नानगृहें, वीज, झुळझुळ वाहणारी केटल क्रीक नदी! ओल बुल हा नॉर्वेचा विख्यात व्हायोलिनवादक. १८५२ सालीं त्यानें या दरींत हजारों एकर जमीन घेऊन आपल्या देशबांधवांची वसाहत स्थापिली, टेकडीवर स्वतःसाठीं वाडा बांधावयास घेतला, आणि वर्ष-दीड वर्षांत सारा खेळ मोडला. वाड्याचा पाया तेवढा उरला आहे. मुलांना ती गोष्ट फार आवडली. स्नानें उत्तम झालीं, पिठलें-भातहि झाला. मात्र रात्रीं जेवणें उरकल्यावर, डोंगरांतील वळणावळणाच्या रस्त्यानें, हरणें आडवीं येत असतां, माथ्यावर मोटार घेऊन जावयास कोणीच उठेना. दरींतून आकाशाची दिसली ती एक पट्टी. आणि त्या पट्टींत मध्यावर लख्ख चंद्र. गुरुपौर्णिमा अगदीं तोंडावर आलेली! पंचांग आमच्या स्वयंपाकघरांत टांगलेलें होतें. तें पाहण्याचें सुचलें नाहीं इतकेंच. आत्याबाई म्हणाल्या, “चांदणें सुरेख पडलें आहे हो.” त्या कधीं कुरकुर करीत नाहींत, म्हणूनच मला अधिक लागलें.

त्या हिवाळ्यांत त्यांच्या दोन्हीं डोळ्यांच्या मोतीबिंदूंच्या शस्त्रक्रिया झाल्या. नेत्रवैद्यांशीं बोलतां बोलतां एक गोष्ट कळली, ती या निवडीचें मर्मच ठरली. अंधारांत तरुण माणसाची बाहुली सुमारें सात मिलिमीटर उघडते. उतारवयांत ती पांचाच्या आंतबाहेरच राहते. म्हणजे डोळ्यांत शिरणारा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. तेव्हां अंधुक तारे पाहण्यास गडद आकाशाची गरज तरुणांहून वृद्धांसच अधिक. आम्ही तर उलट करीत होतों. वृद्ध माणूस बरोबर म्हणून सोयीची जागा शोधीत होतों, आणि ज्यासाठीं त्या येणार तेंच त्यांच्यापासून पांच-दहा कोसांवर ठेवीत होतों.

पुढच्या वर्षीं तिथि आधीं ठरविली, जागा मागाहून. अमावास्या हवी, तीहि शनिवारची. २०२४ सालीं आषाढी अमावास्या, म्हणजे आपली दिव्यांची अवस, शनिवार ३ ऑगस्टच्या सकाळीं तेथें लागत होती व ती रात्र सारी तिचीच होती. घरांत कोणतेंहि शुभकार्य ठरवितांना जी तिथि आपण वगळतों, तिच्याचसाठीं येथें झुंबड उडते. जागा अकरा महिने आधीं राखून ठेवतां येतात, आणि उन्हाळ्यांतील अमावास्यांच्या रात्री पहिल्यानें भरतात.

आतां जागेचा विचार. माथ्यावरच उतरण्याचे दोन प्रकार आहेत. एक साधा तळ : तीस जागा, खड्ड्याचे संडास, स्नानाची सोय नाहीं, पण शेकोटी व कंदील यांस मुभा. दुसरें ताऱ्यांचें निरीक्षण करणाऱ्यांसाठीं राखलेलें मोकळें मैदान. तेथें नांव नोंदवून तंबू ठोकतां येतो, परंतु पांढऱ्या दिव्यास सक्त बंदी, शेकोटीस बंदी, आणि अंधार पडल्यावर मोटार हलवावयाची नाहीं. घटकाभर पाहून परतणाऱ्यांसाठीं निराळी जागा आहे, ती या दोहोंत धरलेली नाहीं. तिसरा पर्याय थोड्या मैलांवरील लायमन रन उद्यानाचा. तेथें ४५ एकरांचें तळें, वीज व ऊन पाणी.

घरांत सभा भरली. जाऊबाईंचें मत लायमन रनला, मुलांचें शेकोटीला. यजमान म्हणाले, “आत्याला रात्रींतून दोनदां उठावें लागतें, दिवा नाहीं तेथें ती पडली तर?” हा आक्षेप खरा होता. रानांत मोबाईलचा भरवसा धरतां येत नाहीं, आणि जवळचें रुग्णालय कौडर्सपोर्टला, पंधरा-एक मैलांवर. शेवटीं आत्याबाईच म्हणाल्या, “अरे, गुहागरास विहिरीवर अंधारांतच जात होतें मी. पाऊलवाट दिवसा एकदां दाखवा म्हणजे झालें.” तसेंच ठरलें : पहिली रात्र मैदानावर, आकाशासाठीं, दुसरी लायमन रनला, अंग शेकण्यासाठीं.

शनिवारीं पहांटे समया, निरांजनें घासून आत्याबाईंनीं दिव्यांची पूजा केली, पुरणाचे दिंड नैवेद्यास दाखविले, आणि दिवे पुजून आम्ही निघालों तें दिवा लावण्याची मनाई असलेल्या जागीं! दोन वाजतां पोंचलों. उजेडीं पोंचणें या मैदानावर अगत्याचें आहे. तंबू आम्हीं संडासापासून दूर नको, जवळहि नको असा ठोकला. अंतर पावलांनीं मोजलें, तें बावन्न भरलें. वाटेंतले तंबूंचे दोर कोणते, हें आत्याबाईंनीं काठीनें चांचपून पाहिलें. विजेरीस तांबडा कागद गुंडाळला. अंधाराला सरावण्यास डोळ्यास वीस-तीस मिनिटें लागतात, आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती सारी कमाई क्षणांत उधळते. तांबडा उजेड डोळ्यास तितका बाधत नाहीं. चूल पेटवावयाचीच नव्हती; दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी आणि थर्मासांत चहा. उरलेलें सारें खाणें कुलुपांत मोटारींत, कारण त्या रानांत काळीं अस्वलें आहेत. आणि ऑगस्ट असला तरी लोंकरीचे कपडे! तिन्हीसांजेनंतर दंव पडूं लागलें, तेव्हां शाल न आणलेल्या जाऊबाईंस माझी दुलई घ्यावी लागली.

साडेदहापर्यंत ढग होते. मग पश्चिमेकडून आभाळ मोकळें होत आलें. धाकटा म्हणाला, “आजी, एक ढग अजून राहिला आहे.” आत्याबाई आरामखुर्चींत मान टेंकून पाहत होत्या. म्हणाल्या, “तो ढग नव्हे, बाळा. ती आकाशगंगा.” नंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. अभिजित थेट डोक्यावर होता. कांहीं वेळानें त्यांचें हिशेब तपासणें सुरूं झालें. ध्रुव फार वर चढला आहे. वृश्चिक खालीं घसरला आहे. आणि मूळ कोठें गेलें? बरोबरच होतें तें. हें ठिकाण जवळजवळ ४२ अक्षांशांवर, गुहागर साडेसतरांवर. तेथें ध्रुव क्षितिजापासून साडेसतरा अंश, येथें बेचाळीस. मूळ नक्षत्र तेथें छत्तीस अंशांपर्यंत चढतें, येथें जेमतेम अकरा, व तें झाडांच्या रांगेमागें दडलेलें. उलट सप्तर्षि तेथें मावळतात, येथें ते क्षितिजाला टेंकतात पण बुडत नाहींत.

याच सुमारास थोरला पांघरूण आणावयास मोटारीकडे गेला आणि त्यानें मागचें झांकण उघडलें. आंतल्या दिव्यांवर कागद चिकटविले होते. सामानाच्या कप्प्यांतला विसरलों होतों. मैदानभर पांढरा झोत! अंधारांतून कोणी सौम्यपणें म्हणालें, “दिवा, कृपा करून.” झांकण मिटलें, पण शेजाऱ्यांचीं वीस मिनिटें आम्हीं खर्चीं घातलीं होतीं. पोर इतका ओशाळला, कीं रात्रभर त्यानें विजेरीलाहि हात लावला नाहीं.

सारे डोळे पुन्हां सरावल्यावर आत्याबाईंनीं वायव्येकडे काठी रोखली. “वसिष्ठाच्या अंगाशीं दिसते का रे कोणाला?” मुलांस दिसली. यजमानांस चष्मा पुसावा लागला. मीं त्यांना विचारलें, “आणि तुम्हांला?” त्या कांहीं बोलल्या नाहींत, नुसती मान हलविली. लग्नांत भटजींनीं दाखविलेली अरुंधती पंधरा वर्षांत दिसली नव्हती, हें मला दुसऱ्या दिवशीं लायमन रनला, वेणी घालतांना त्यांनीं सांगितलें.

रात्रीं त्या दोनदां उठल्या. बावन्न पावलें, काठी, आणि मागें तांबडी विजेरी घेऊन मी. दुसऱ्या खेपेस, एकाच्या सुमारास, परततांना त्या थांबल्या व ईशान्येकडे चढत्या देवयानींतला तो पुसटसा ठिपका मला दाखवूं लागल्या. पंचवीस लाख वर्षांपूर्वीं निघालेला तो प्रकाश पाहतांना माझे पाय गारठून गेले होते. पण त्यांना आंत चला म्हणावयाचा धीर मला झाला नाहीं.

सप्टेंबरांत एके सकाळीं पाहतें, तों त्या चष्मा लावून पुढच्या सालचें पंचांग चाळीत होत्या. २०२५ ची पिठोरी अमावास्या २२ ऑगस्टला, शुक्रवारीं. “अकरा महिने आधीं म्हणालास ना रे?” त्यांनीं यजमानांस विचारलें. “मग आजच सांग त्यांना. आणि त्या झाडांपासून जरा उत्तरेकडची जागा मिळते का पाहा. दक्षिणेचें आभाळ उघडें राहील. मूळ पाहावयाचें राहिलें आहे.”