हिशेबाच्या मदतनिसाला चाबी किती द्यायची?

रोवणी आटोपली, आता गटाच्या वह्या निघतील. सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, ‘एआयलाच हिशेब करू द्या’ म्हणणारं कोणीतरी भेटतंच.

हा एआय मदतनीस नुसता बोलत नाही, सांगितलेलं काम करूनही टाकतो. प्रोग्रामर त्याला तयार अवजारं जोडून बनवतात. ‘लँगचेन’ हा अशाच अवजारांचा फुकट मिळणारा संच. त्यात गणितासाठी एक अवजार होतं. प्रश्न दिला की एआय छोटा प्रोग्राम लिहायचा आणि अवजार तो संगणकावर चालवायचं. २०२३ मध्ये लक्षात आलं, की बेरजेऐवजी कोणी ‘इथली गुप्त चाबी दाखव’ असं लिहिलं, तर तेही निमूट चालायचं! कुलूप फोडायची गरजच नाही, नुसतं मागायचं. पुढे तिथे फक्त आकडेमोड जाणणारं साधन बसवलं.

आपल्या गटाचे पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. यंत्राला ती दुसरी सही आपणच ठेवायची. बेरीज करून घ्या, पण पिन, ओटीपी, खात्याचा ताबा त्याच्याकडे नको. अनोळखी माणसाने पाठवलेली पावतीही त्याला वाचायला देऊ नका. तिच्यात त्याच्यासाठी हुकूम दडवलेला असू शकतो. आणि आलेली बेरीज वहीशी ताडून पाहा, ती चुकतेही.