फाईलच्या नावातले आकडे काय सांगतात?



एमएच 35 दिसलं की गाडी गोंदियाची आणि एमएच 36 दिसलं की भंडाऱ्याची, हे आपली मुलं पटकन सांगतात. शाळेतल्या उबुंटू किंवा डेबियन संगणकातल्या फाईलींची नावंही अशीच वाचता येतात.

काही कामं अनेक प्रोग्रामना लागतात. ती एकाच सामायिक फाईलमध्ये ठेवतात, तिला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. पडद्यावर 'क्ष', 'त्र' नीट जुळवणारी हार्फबझ ही अशीच एक लायब्ररी. लिबरऑफिस तीच वापरतं. डेबियन 12 मध्ये (2023) तिची तीन नावं आहेत :

1. लिबहार्फबझ.एसओ.0.60000.0 – ही खरी फाईल. 'लिब' म्हणजे लायब्ररी, 'एसओ' म्हणजे शेअर्ड ऑब्जेक्ट. 60000 म्हणजे आवृत्ती 6.0.0.
2. लिबहार्फबझ.एसओ.0 – खऱ्या फाईलकडे नेणारी लिंक. प्रोग्राम चालताना हेच नाव मागतो.
3. लिबहार्फबझ.एसओ – ही लिंक प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. ती वेगळ्या 'डेव्ह' पॅकेजमध्ये येते.

यात 'एसओ'नंतरचा पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पाठ्यपुस्तकाचं पुनर्मुद्रण झालं, छपाईच्या चुका सुधारल्या, तरी "पान 34 उघडा" म्हटल्यावर वर्गाचं अडत नाही. पण अभ्यासक्रमच बदलला तर जुनं आणि नवं पुस्तक वेगळं ओळखू यायलाच हवं. लायब्ररीचंही तसंच. किरकोळ सुधारणा झाली तर पुढचे आकडे बदलतात. जुन्या प्रोग्रामशी जुळणार नाही असा बदल झाला, तर पहिला आकडा बदलतो.

मराठी शब्द अकारविल्हे लावायला उपयोगी पडणारी आयसीयू लायब्ररी बघा. डेबियन 11 मध्ये तिचं पॅकेज लिबआयसीयू67, तर 12 मध्ये लिबआयसीयू72. नावं वेगळी, म्हणून दोन्ही एकाच संगणकात सुखाने राहू शकतात.

आता कामाची गोष्ट. प्रोग्राम उघडताना 67 ची फाईल सापडत नाही असा संदेश आला, तर 72 च्या फाईलला 67 नाव देऊ नका. मुखपृष्ठ बदललं म्हणून आतले धडे बदलत नाहीत! टर्मिनलमध्ये 'एलडीडी' लिहून पुढे प्रोग्रामच्या फाईलचा पूर्ण पत्ता द्या. जिथे 'नॉट फाउंड' दिसेल, ते नाव वहीत जसंच्या तसं उतरवा. देवरी-सालेकसाकडच्या एखाद्या शाळेत नेट नसेल, तर पेनड्राइव्हवर पॅकेज आणताना तीन गोष्टी तपासा : नावातला आकडा, डेबियन किंवा उबुंटूची आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार. तिन्ही जुळल्या तरच ते बसवा.