डोक्यातला दाब आणि जेलचा कण

मेंदूच्या रुग्णांच्या अतिदक्षता विभागात पलंगाची उशाकडची बाजू वर-खाली केली, की परिचारिका आधी दाब मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरकडे वळते. तो पुन्हा कानाच्या पातळीला आणायचा, हवेला खुला करून शून्यावर लावायचा आणि मगच मॉनिटरवरचा आकडा खरा मानायचा. कवटीला भोक पाडून मेंदूतल्या पोकळीत सोडलेल्या नळीतून हा आकडा येतो. प्रौढ माणसाच्या डोक्यातला दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. तो २२ च्या वर टिकला, तर उपचारांची धावपळ सुरू होते.

या नळीने सलग दाब नोंदवण्याची पद्धत स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये सविस्तर मांडली. आजही सर्वाधिक भरवसा तिच्यावरच आहे. पण नळी आत आहे तोवर जंतुसंसर्गाची टांगती तलवार असतेच.

चीनमधल्या वूहानच्या ह्वाजोंग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या झांग जियानफेंग यांच्या गटाने यावर जो उपाय काढला, त्यात तार नाही, बॅटरी नाही, चिपही नाही. २०२४ च्या जूनमध्ये 'नेचर'मध्ये आलेला त्यांचा संवेदक म्हणजे हायड्रोजेलचा २ मिलिमीटरचा घन. हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्याचीच असते. हा घन जाड सुईतून कवटीच्या आत सोडतात.

खरी करामत त्याच्या पोटात आहे. तिथे ठरावीक अंतरावर हवेच्या बारीक पोकळ्यांच्या रांगा आहेत. बाहेरून सोनोग्राफीसारख्या प्रोबने ध्वनिलहरी सोडल्या, की या रांगा एका विशिष्ट वारंवारितेची लहर जोरात परतवतात. दाब वाढला, की मऊ जेल दबते, पोकळ्यांमधलं अंतर बदलतं आणि परतणाऱ्या लहरीची वारंवारिताही सरकते. त्या सरकण्यावरून दाब काढायचा. जेलची घडण बदलून तापमान आणि आम्लताही मोजता येते.

काम झाल्यावर जेल शरीरातच विरघळून जाते, म्हणजे ती काढायला दुसरी शस्त्रक्रिया नको. रुग्णाच्या दृष्टीने हाच यातला सर्वांत मोठा दिलासा.

उंदीर आणि डुकरांवरच्या प्रयोगांत या जेलने दाखवलेले आकडे तारेच्या संवेदकांशी जुळले. माणसाची कवटी मात्र ध्वनिलहरी बऱ्याच शोषून घेते. त्यामुळे माणसांवरच्या चाचण्यांत हे मोजमाप टिकल्याशिवाय रुग्णालयांनी नळी बाजूला ठेवू नये.