मोसुल : दोन डावपेच आणि मध्ये अडकलेली घरं

युद्धाच्या बातमीत ‘इतके नागरिक ठार’ एवढं आपण वाचतो आणि पुढे सरकतो. पण ही माणसं मरतात कशी? फक्त चुकून, की लढण्याच्या पद्धतीमुळे? इराकमधल्या मोसुलचं उदाहरण पाहू या.

जून 2014 मध्ये दाइश म्हणजे आयसिसने मोसुल घेतलं. ऑक्टोबर 2016 मध्ये इराकी फौज अमेरिकेच्या आघाडीसोबत ते परत घ्यायला निघाली.

दाइशकडे लढाऊ विमानं नव्हती. त्यामुळे त्यांनी लढाई वस्तीतच आणली. भिंती फोडून घराघरांतून वाटा काढल्या, गच्चीवर नेमबाज बसवले, खाली कुटुंबं कोंडली. पळणाऱ्यांना गोळ्या घातल्या.

समोरची रीत उलटी होती. गल्लीबोळात आपले सैनिक कमी मरावेत म्हणून विमानं आणि तोफांचा मारा. त्यातच सुरुवातीला इराकी सरकारने पत्रकं टाकून लोकांना सांगितलं होतं, घरातच थांबा. म्हणजे एक बाजू बाहेर पडू देत नव्हती, दुसरी थांबा म्हणत होती आणि बॉम्ब त्याच घरांवर पडत होते.

17 मार्च 2017 रोजी जदिदा मोहल्ल्यात एका गच्चीवरच्या दोन नेमबाजांसाठी अमेरिकेने 500 पौंडांचा बॉम्ब टाकला. खाली कुटुंबं आसऱ्याला होती. अमेरिकेच्याच चौकशीनुसार किमान 105 नागरिक मेले. घरात दाइशने स्फोटकं ठेवल्यामुळे इमारत कोसळली, असं अमेरिका म्हणाली. रहिवाशांनी ते नाकारलं.

असोसिएटेड प्रेसच्या तपासानुसार या लढाईत 9,000 ते 11,000 नागरिक मेले. सुमारे एक तृतीयांश मृत्यू आघाडी व इराकी फौजेच्या माऱ्यात, एक तृतीयांश दाइशच्या हातून. बाकीचे कुणामुळे, ते ठरवताच आलं नाही.

नियम मात्र स्पष्ट आहे. जिनिव्हा कराराच्या 1977 च्या पहिल्या पूरक करारानुसार नागरिकांची ढाल करायला मनाई आहे. पण शत्रूने ती मोडली म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. इस्लामचं नाव घेणाऱ्या दाइशला तर वेगळं सांगायलाच नको होतं. पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांनी फौजेला बजावलं होतं की बायका, मुलं, म्हातारे यांना मारू नका.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली की आपण फक्त ‘कोण जिंकलं’ एवढंच विचारू नये. लोकांना बाहेर पडायला रस्ता कुणी ठेवला होता, हेही विचारावं. आणि तो प्रश्न आपल्याला आवडणाऱ्या बाजूलाही विचारावा.