अडला काटा, उपाय छोटा!

पेट्रोल भरून झालंय, गाडी टिटवाळ्याच्या बाप्पाकडे निघालीये, आंबिवली मागे पडली, बल्याणी आली... आणि पेट्रोलचा काटा 'ई'वर लोळत पडलाय! टाकीला भोक पडलं? पेट्रोल चोरीला गेलं? आधी घाम पुसा. जुन्या गाडीत बऱ्याचदा पेट्रोल जागेवरच असतं, जागा सोडलेली असते ती एका फुटकळ वायरने. चला, डॅशबोर्डची सैर करू. सीटबेल्ट लावलात ना?

माहीत आहे का, 'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारीपेक्षा म्हातारा आहे! घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पुढ्यात एक फळी असायची. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवायचा, एवढीच तिची ड्युटी. घोडा गेला, फळी राहिली, फळीवर मीटर आले. चिखल? तो जुलैत आपल्याकडे अजून आहेच!

डोंबिवलीचं प्रीमियर ग्राउंड सभांसाठी फेमस. पण त्या नावात मोटार दडलीये! प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कल्याणच्या कारखान्यात 1990च्या दशकात चक्क फ्रेंच प्यूजो 309 तयार व्हायची. कंपनीची लाडकी लेक पद्मिनी मात्र कुर्ल्याची. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला रजिस्टर झाली आणि 20 वर्षांची वयोमर्यादा गाठून 2023मध्ये रिटायर. हौशी मालकांच्या पद्मिनी अजून पळतात. मीटर बंद, मालक खूश!

फ्यूज शाबूत? मग पहिला संशयित अर्थिंग. माहीत आहे का, गाडीतली सगळ्यात मोठी वायर कोणती? गाडीचा पत्रा! बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली, त्यामुळे करंट परत जातो तो पत्र्यातूनच. पावसाळ्यात अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज धरला की काटे वेड्यासारखे वागतात. स्क्रू सोडा, सँडपेपर मारा, घट्ट आवळा. मीटरच्या बोलण्याला पुन्हा 'अर्थ' येतो!

पेट्रोलचा काटा मुळात टाकीतल्या फ्लोटचं ऐकतो. टॉयलेटच्या फ्लश टँकमध्ये तरंगणारा गोळा असतो ना, त्याचाच हा चुलतभाऊ. तो वर-खाली झाला की रेझिस्टन्स बदलतो आणि काटा हलतो. टाकीकडून येणारी वायर सुटी करा, स्विच ऑन ठेवून क्षणभर पत्र्याला टेकवा. काटा टोकाला धावला? मीटर पास, संशय टाकीकडच्या वायरवर किंवा टाकीतल्या युनिटवर! हा प्रयोग उघड्या टाकीपासून लांब, डॅशबोर्डच्या बाजूला करा. ठिणगी आणि पेट्रोल यांचं लग्न लावू नका.

पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदमच खोटं बोलतायत? दोन साक्षीदार सेम टू सेम खोटं बोलले की मागे सूत्रधार असतो. जुन्या कित्येक गाड्यांत तो असतो व्होल्टेज स्टॅबिलायझर, मीटरच्या पाठीमागची काडेपेटीपेक्षा लहान डबी. दोन नवे मीटर घेण्याआधी तिची आणि तिच्या अर्थिंगची चौकशी करा.

माहीत आहे का, स्विच ऑन केल्यावर जुन्या गाडीचा काटा आळोखेपिळोखे देत का उठतो? आत दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापली की वाकते आणि काट्याला ढकलते. हा आळस मुद्दामचा! नाहीतर टाकीत पेट्रोल हिंदकळलं की दर खड्ड्याला काट्याने लेझीम खेळली असती.

स्पीडोमीटरची तर जादूच. 1902मध्ये जर्मनीच्या ओटो शुल्त्सने पेटंट घेतलेल्या पद्धतीत गिअरबॉक्सकडून आलेली केबल लोहचुंबक फिरवते. चुंबक शेजारच्या ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो, तिला न शिवता! वाटीला काटा जोडलेला. सोशल डिस्टन्सिंग, 1902 एडिशन.

काटा थरथरतोय? केबल कोरडी पडली असेल नाहीतर मुरडली असेल. स्पीड आणि किलोमीटर दोन्ही ठप्प? केबल तुटली असेल किंवा गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर झिजला असेल. स्पीड दिसतो, पण किलोमीटर गोठलेत? मीटरच्या पोटातला गिअर गेला. केबलला वंगण लावा, पण मीटरकडच्या टोकाला नको. तेल आत शिरलं की काटा कायमचा लडबडतो.

किलोमीटरवरून आठवलं. अमेरिकेतले सायन्सचे रिटायर्ड मास्तर अर्व गॉर्डन यांनी आपल्या 1966च्या व्होल्वोवर 2013मध्ये 30 लाख मैल पूर्ण केले, म्हणजे जवळपास 48 लाख किलोमीटर. सीएसएमटी ते आंबिवली साधारण 60 किलोमीटर धरा, झाल्या 80,000 फेऱ्या! आणि आपल्या जुन्या पाच आकडी मीटरवाल्या गाड्या? 99,999 झाले की पुन्हा शून्य. वय लपवण्याची कंपनी-फिटेड सोय!

पेट्रोलच्या चिन्हाशेजारचा इवला बाण पाहिलात? टाकीचं झाकण कोणत्या बाजूला, ते तो सांगतो. फोर्डचे जिम मॉयलन यांना 1986मध्ये ही आयडिया सुचली, ती पंपावर पावसात भिजल्यावर. आपण दरवर्षी भिजतो, आपल्याला फक्त सर्दी होते.

एमएच-05च्या 15 वर्षं झालेल्या गाडीचं रीपासिंग जवळ आलंय? मग स्पीडोमीटर ही हौस नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यासाठी 117 क्रमांकाचा खास नियम आहे.

आता मस्करी बंद. टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला किंवा ऑइलचा दिवा पेटला, तर 'मीटरच बिघडलाय' म्हणून पुढे रेटू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, शोध नंतर. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही!

बाकी सगळ्यासाठी क्रम लक्षात ठेवा: फ्यूज, अर्थिंग, वायर, युनिट आणि सगळ्यात शेवटी मीटर.