जाळ्यांची मागणी केव्हा नोंदवावी?

कारंजा, मांजरा व भीमा यांच्या काठच्या आपल्या मच्छीमार बंधूंना हंगाम म्हणजे वर्षाची भाकर. ऐन वेळी जाळे हाती नसले, तर दुसऱ्याचे जाळे वाट्याने घ्यावे लागते आणि कमाईचा मोठा भाग तेथेच जातो. म्हणून या विषयाची थोडी फोड करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वी सुती जाळी घरीच विणीत व झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करीत. नायलॉनचे जाळे सुतासारखे कुजत नाही, हा मोठाच लाभ झाला. परंतु विणकाम वाईसारख्या ठिकाणच्या कारखान्यांकडे गेले आणि वेळेची सूत्रेही त्यांच्याच हाती गेली.

कारखान्यात धागा पिळावा लागतो, यंत्रावर गाठी माराव्या लागतात, मग जाळे ताणून व उष्णता देऊन त्या पक्क्या कराव्या लागतात. डोळ्याचे माप बदलले की यंत्र नव्याने जुळवावे लागते. यास्तव थोड्या मालाची मागणी मागे पडण्याचा संभव असतो. चार गावांनी एकाच मापाची मागणी एकत्र नोंदविल्यास ही अडचण कमी होते.

मागणीपत्र मोघम असले तर पत्रव्यवहारातच दिवस जातात. '२१०/२/३' याचा अर्थ २१० डेनिअरचे दोन धागे मिळून एक पदर, व असे तीन पदर. डोळ्याचे माप ताणून दिले की एका बाजूचे, हेही लिहावे; बाजू २५ मिलिमीटर म्हणजे ताणलेला डोळा ५० मिलिमीटर.

माल आला म्हणजे काम संपले असे नव्हे. दोर, तरंगती भेंडे व शिसे बांधावयाचे असतात. निम्म्या प्रमाणात बांधल्यास १०० मीटर जाळ्याचे ५० मीटरच होते. मागणी करतानाच हे धरावे.

आता हिशेब उलटा मांडावा. समजा, १ ऑक्टोबरला जाळे पाण्यात हवे आहे. कारखान्याने पाच आठवडे सांगितले. वाहतुकीस एक, बांधणीस दोन आणि सणवार व अडीअडचणीसाठी दोन आठवडे धरले, तर एकूण दहा आठवडे होतात. म्हणजे २३ जुलैपर्यंत मागणी व आगाऊ रक्कम दोन्ही पोहोचली पाहिजेत. मुदत रक्कम मिळाल्यापासून की पत्र मिळाल्यापासून, हे लेखी विचारून घ्यावे.

तात्पर्य, वर्गणी जूनमध्येच गोळा करावी. पाऊस पडू लागला की शेतकरी पेरणीस लागतो. मच्छीमाराची पेरणी म्हणजे जाळ्याचे मागणीपत्र होय.