फोटो धूसर करणारी हवा

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो. अशा भर दुपारी कापशी तलावाच्या किंवा काटेपूर्णा जलाशयाच्या काठावरून दूरच्या पक्ष्याचा फोटो काढला, की पिसं एकमेकांत मिसळलेली दिसतात आणि खापर लेन्सवर फुटतं. खरा दोष बहुतेक वेळा मधल्या हवेचा असतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ, वरची दाट; या हलत्या थरांतून प्रकाश क्षणोक्षणी वाकत येतो. मोठी लेन्स घ्या, असं कुणी सुचवेल. पण ती पक्ष्याबरोबर ही थरथरही मोठी करते. म्हणूनच जमीन तापण्याआधीचा, सूर्योदयानंतरचा पहिला तास महागड्या लेन्सपेक्षा मोलाचा.

तेव्हा उजेड कमी असतो, मग शटर वेगवान कसं ठेवायचं? आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, खुशाल वाढवा. सेकंदाला १० मीटर वेगाने उडणारा नदी सुरय पक्षी १/५०० सेकंदात २ सेंटिमीटर सरकतो, १/२००० सेकंदात जेमतेम अर्धा. आयएसओ वाढवल्याने फोटोत येणारा दाणेदारपणा नंतर संगणकावर बराच कमी करता येतो. हलल्याने पुसट झालेला डोळा परत येत नाही. मधली हवा कमी व्हावी म्हणून अंतर कमी करायचं तर काठावर खाली बसून थांबावं, पक्ष्याला जवळ येऊ द्यावं. घरट्यापाशी जाणं मात्र कुठल्याही फोटोसाठी मान्य होण्यासारखं नाही: सुरय उघड्या वाळूवर अंडी घालते आणि मादी घाबरून उडाली, की वैशाखाच्या उन्हात अंडी भाजून निघतात.